तिसरी यादी

"नकार आला का?" नानांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर लाल अक्षरांत 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं उमटलं होतं. नोकरी सांभाळून उभी हयात वधू-वर सूचक मंडळ चालवण्यात घालवलेल्या माणसाला त्या ओळीचा दुसरा काय अर्थ लागणार होता?

"नकार नाही, नाना. दार चुकलंय. परागनं पोर्टचा आकडा काय लिहून ठेवलाय?"

नानांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून उलटं केलं. पराग हा त्यांचा पुतण्या. मंडळाची सगळी माहिती त्यानंच कॉम्प्युटरवर चढवली होती, आणि कॅनडाला जाताना डेटाबेसचं नाव, पोर्ट, युजर, पासवर्ड असं सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून गेला होता. पोर्टचा शेवटचा आकडा नेमका खिळ्याच्या भोकात गेला होता. मी एक आकडा टाकून पाहिला, मग दुसरा. मग एकदाचं दार उघडलं आणि पासवर्ड मागितला गेला.

"शुभमंगल," नाना म्हणाले. "इंग्रजी, सगळी लहान अक्षरं. आधी पुढं सावधानही होतं, पण तिथंपर्यंत जाईतो माझ्या चुका व्हायच्या."

जोडलं गेलं. नानांनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं.

साताऱ्यात भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमच्या ज्ञातीच्या मंडळाचं ऑफिस होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वार्षिक मेळावा. आणि आदल्या दिवशी दुपारी परागचा प्रोग्राम संपावर गेला. याद्या छापायचं बटण दाबलं की पडद्यावर नुसतं गरगरायचं. नानांनी आमच्या घरी फोन केला, आणि सुट्टीला घरी आलेल्या मला न विचारता आईनं माझी शनिवारची दुपार देऊन टाकली. दुसऱ्याची अडचण दिसली की आई माझी सुट्टी दान करून मोकळी व्हायची. मी पुण्याला एका विमा कंपनीत दिवसभर डेटाबेसला प्रश्न विचारायचं काम करत होते, त्यामुळे मला नाही म्हणायलाही जागा नव्हती.

आई समोरच्या बाकावर बसून मेळाव्याच्या बिल्ल्यांना टाचण्या लावत होती. मी आले होते याद्या काढायला, पण आईचा हेतू वेगळा होता हे मला जिना चढतानाच कळलं होतं. माझी तिशी उलटली होती. मंडळात नाव नोंदवून बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत एकही स्थळ आलं नव्हतं. मी नोंदणीच्या वेळी सगळे रकाने भरले होते, एक सोडून. 'मंगळ: आहे / नाही' हा मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. आईला तो भरून हवा होता. मला तो भरायचा नव्हता. त्यावरून आमच्यात इतक्या वेळा वाजलं होतं की शेजारच्यांनाही त्यातले संवाद पाठ झाले असावेत.

"हे काय उघडलंयस?" नानांनी विचारलं.

"याला नोटबुक म्हणतात. ह्या चौकटीत आपण प्रश्न लिहायचा. खाली लगेच उत्तर येतं. प्रश्नही तिथंच राहतो, उत्तरही. मग त्याच्याखाली पुढचा प्रश्न."

"आणि आतलं काही पुसलं गेलं म्हणजे?"

"मी फक्त वाचायची परवानगी घेऊन आत शिरलेय. पुसायचं म्हटलं तरी पुसता येणार नाही."

आधी कुठल्या तक्त्यात काय आहे ते बघावं म्हणून मी इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. एका तक्त्यात प्रथम विवाहाच्या नोंदी, दुसऱ्यात पुनर्विवाहाच्या, तिसऱ्यात पत्ते. मुलांनी लिहिलेल्या अपेक्षा एकाखाली एक मागवल्या आणि नाना पोट धरून हसले. एकानं लिहिलं होतं, 'मुलगी उच्चशिक्षित, पण घरात तसं न जाणवणारी.' दुसऱ्याची अपेक्षा एका शब्दात होती: 'चालेल.'

"हा चालेलवाला अजून बिनलग्नाचाच आहे," नाना म्हणाले. "आता विचार बरं, नोकरी करणाऱ्या मुली किती? आणि उंच किती?" चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला तो माणूस एखाद्या पोरासारखा खुर्ची ओढून शेजारी बसला. मला नाना आवडायचे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याशी चांगलीच भांडले.

मग मी मूळ कामाला लागले. मेळाव्याच्या टेबलावर दरवर्षी दोन याद्या असायच्या, मंगळ असलेल्यांची आणि मंगळ नसलेल्यांची. लोक येताना आधी तेवढंच विचारायचे आणि आपापल्या यादीपाशी जायचे. परागनंही प्रोग्रामला तशीच दोन बटणं दिली होती. वर्षभर कुणी स्थळं बघायला आलं की नाना त्यांतलं एक बटण दाबायचे.

मी एकूण नोंदी मागवल्या. मग 'आहे'वाल्या, मग 'नाही'वाल्या. सवयीनं दोन्हींची बेरीज केली. बेरीज एकूणापेक्षा कमी भरली.

"काहीतरी गळतंय," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरची चूक असेल."

"कॉम्प्युटर विचाराल तेवढंच सांगतो, नाना. विचारणाऱ्याची चूक असेल." मी परागच्या बटणांमागचा प्रश्न उघडून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. 'मंगळ नाही' या बटणामागं त्यानं लिहिलं होतं, ज्यांच्या रकान्यात 'आहे' नाही असे सगळे आण. वाचायला बिनचूक. पण रिकाम्या रकान्याला यंत्र रिकामं समजत नाही, अज्ञात समजतं. त्याला विचारलं, इथं 'आहे' आहे का, तर ते म्हणतं माहीत नाही. मग विचारलं, 'आहे' नाही का, तरी म्हणतं माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणणाऱ्याला ते दोन्ही दारांबाहेर उभं करतं.

हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे रिकामा ठेवणारे कुठल्याच यादीत नाहीत?"

"कुठल्याच नाहीत. आजवर कुणालाच दिसले नाहीत."

मी त्या सगळ्यांची नावं मागवली. पडद्यावर ओळींमागून ओळी उतरल्या. मुलं होती, मुली होत्या. काहींनी विसरून रिकामा ठेवला असेल, काहींना ठाऊक नसेल, काही माझ्यासारखे हट्टी असतील. नावं आडनावाच्या क्रमानं होती, त्यामुळे मी पार तळाशी होते. वेल्हाळ चारुता.

मला हसू आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की हातातला माऊस भिंतीवर भिरकावून द्यावासा वाटला. एवढी वर्षं आई म्हणत होती, योग नाही. मावशी म्हणत होती, रंग सावळा. मीसुद्धा कधीमधी रात्री आरशापुढं उभी राहून काहीबाही हिशेब केला होता. आणि खरी गोष्ट काय, तर मी कुणाला नापसंत पडलेच नव्हते. मला कुणी पाहिलंच नव्हतं! मेळाव्यात स्टेजवर बोलवायचे क्रमांकही ह्याच दोन याद्यांवरून पडायचे.

आई बाकावरून उठून आली. तिनं ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"सापडलं ना एकदाचं?" ती म्हणाली. "आता तरी भर. एक शब्द लिहायचाय."

"भरून टाक," नानाही म्हणाले. "तुझंच कशाला, ह्या सगळ्यांच्या पुढं 'नाही' टाकून दे. उद्याचा मेळावा पार पडू दे. ज्याला असेल तो ओरडेल."

"त्यांच्या वतीनं खोटं लिहायचं?"

"मग वगळ त्यांना."

"वगळलेलेच आहेत, नाना! तेच तर सांगतेय. रकाने भरायचे नाहीत, तुमचा प्रश्न बदलायचाय. तिसरी यादी काढू. ज्यांनी सांगितलं नाही त्यांची."

"तिसरी यादी?" नानांना ती कल्पना एवढी विपरीत वाटली की त्यांनी चष्मा काढला. "अगं चारू, लोक पायरीवरूनच विचारतात, आहे का नाही. त्यांना काय सांगू, माहीत नाही? हे मंडळ आहे, मटक्याचा अड्डा नाही. आणि नियम सगळ्यांना सारखा. मी स्पष्टच सांगतो. रकाना रिकामा असेल त्याला उद्या स्टेजचा क्रमांक मिळणार नाही. तुलाही नाही."

"नका देऊ."

"चारू!" आई म्हणाली.

"नका देऊ म्हटलं ना. पण मग फाटकावर पाटी लावा, की इथं माणसाआधी ग्रह बघितले जातात."

नानांचा चेहरा पडला. ते उठले, मांडववाल्याकडं जाऊन येतो म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत आई जिन्याकडं बघत होती. मग तिनं खुर्ची ओढली.

"तुला नाहीये," ती म्हणाली. "खरंच नाहीये गं. मी तीन ठिकाणी दाखवलीय तुझी पत्रिका. खोटं लिही म्हणत नाही मी. जे खरं आहे ते लिही."

हे मात्र मला नवीन होतं. मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"खरं असलं तरी लिहिणार नाही."

"का? सांग तरी का ते! एवढी शिकलीस, एवढं कळतं, मग स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची ही कसली हौस?"

मी आजवर तिला कारण सांगितलं नव्हतं, कारण ते तिच्याबद्दलच होतं. पण त्या दुपारी माझं डोकं फिरलेलं होतं.

"बाबांच्या तेराव्याला मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते," मी म्हटलं. "आत आत्या मोठ्या काकूला विचारत होती, हिची पत्रिका नीट बघितली होती ना कुणी? तू तिथंच होतीस. पुऱ्या लाटत होतीस. तू मान वर केली नाहीस. मी तेव्हाच ठरवलं, ह्या लोकांना माझ्याकडून ह्या प्रश्नाचं उत्तर कधी मिळणार नाही. मी 'नाही' लिहिलं की मी सुटते, आई. पण मग ज्यांना 'आहे' त्या गुन्हेगार ठरतात. मला तसं सुटायचं नाहीये."

आईच्या हातात एक बिल्ला राहिला होता. त्याची टाचणी ती उघडत होती, मिटत होती.

"मला आहे," ती म्हणाली.

मला आधी नीट समजलंच नाही.

"मला मंगळ आहे. कडक. माझ्या वडिलांनी जन्मवेळ बदलून दुसरी पत्रिका करून घेतली. मुलगी घरात राहील या भीतीनं. मला ठाऊक होतं. मी बोहल्यावर उभी राहिले तेव्हाही ठाऊक होतं." ती खिडकीकडं बघून बोलत होती. "तुझे बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, हार्ट अ‍ॅटॅक. डॉक्टरही तेच म्हणाले. मला एकटीला माहीत होतं की मी मारलं त्यांना."

"आई, असं नसतं."

"असं नसतं हे मला बोलता येतं. झोपताना नाही येत. आत्यानं विचारलं तेव्हा मी मान कशी वर करणार? तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. म्हणून मला तुझ्या नावापुढं 'नाही' हवं होतं. छापलेलं. सगळ्यांना दिसेल असं. निदान तुझ्यावर तरी कुणी बोट ठेवू नये."

मी तिचा हात धरला. खाली दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून पारखत होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. आत्याचा, आजोबांचा, आकाशातल्या त्या तांबड्या दगडाचा. माझ्या आईनं एवढी वर्षं एकटीनं हे काळजात ठेवलं आणि मी तिच्याशी भांडत बसले.

मग तिनं नाक पुसलं आणि लॅपटॉपकडं मान वळवली.

"त्याला काहीही विचारता येतं का?"

"ज्याची नोंद आहे ते काहीही."

"मग एक विचार. इथून लग्न जुळलेल्या, आणि पुढं नवरा गेलेल्या बायका असतील ना?"

असतील. का नसतील? पुनर्विवाहाच्या तक्त्यात कारणाचा रकाना होता, आणि 'जुना क्रमांक' नावाचाही एक रकाना होता. पूर्वी मंडळात नाव असलेल्यांना सगळी माहिती पुन्हा भरावी लागू नये म्हणून परागनं केलेली ती सोय. हे दोन तक्ते एकमेकांना जोडावेत असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. जुन्या क्रमांकाचं बोट धरून पहिल्या तक्त्यात गेलं की त्या बाईनं कुमारिका असताना मंगळाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मिळणार होतं.

मी प्रश्न लिहिला. नावं मागवली नाहीत. फक्त विधवा म्हणून परत आलेल्या बायका आणि त्यांचा जुना मंगळ. उत्तर मागवायच्या बटणावर बोट ठेवताना मला भीती वाटली हे कबूल करते. उत्तर उलटं आलं असतं तर? सगळीकडं 'आहे', 'आहे' असं उतरलं असतं तर मी तिला काय सांगणार होते?

उत्तर आलं. आई पडद्याच्या अगदी जवळ सरकली आणि ओळीवर बोट ठेवत मोठ्यानं वाचू लागली, नुकतं वाचायला शिकलेल्या मुलीसारखी.

"नाही. नाही. नाही. आहे. नाही. नाही. नाही..."

ती शेवटपर्यंत वाचत गेली. मधूनच एखादं 'आहे' यायचं, पुन्हा 'नाही'ची रांग सुरू व्हायची.

"आई, यानं तसं सिद्ध काही होत नाही हं," मी म्हटलं. धंद्याची सवय, जीभ आवरत नाही. "मंडळात 'नाही' लिहिणाऱ्याच मुळात जास्त. त्यामुळे इथंही त्याच जास्त असणार. एवढंच म्हणता येईल की मंगळानं काही फरक पडलेला दिसत नाही."

"सिद्ध कुणाला करायचंय?" ती म्हणाली. तिचं बोट अजून पडद्यावर होतं. "ह्या सगळ्यांच्या पत्रिका जुळल्या होत्या. मग ह्यांचे नवरे गेले तेव्हा ह्यांच्या सासरच्यांनी काय कारण सांगितलं असेल गं?"

ती उठली, पदर खोचला आणि उरलेला बिल्ला पेटीत टाकला. एवढ्या वर्षांत मी तिला इतकी ताठ उभी राहिलेली पाहिली नव्हती.

नाना परत आले ते हातात चहाची किटली घेऊन, म्हणजे त्यांच्या बाजूनं भांडण मिटलेलं होतं. आईनं त्यांना बसूही दिलं नाही.

"नाना, तीन याद्या छापायच्या."

"वहिनी, तुम्हीसुद्धा?" नाना किटली हातात धरून उभेच राहिले. "अहो, माझी अडचण समजून घ्या. रकाना रिकामा असताना मी स्थळ जुळवलं, आणि उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं, तर मंडळाच्या नावानं खडे फोडतील."

"रकाना भरलेला बघून तुम्ही जुळवलेल्यांचंही झालंय बरंवाईट. चारू, दाखव त्यांना."

मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. प्रश्न वर होता, उत्तर खाली. नाना मनातल्या मनात वाचत गेले. वाचता वाचता खाली बसले.

"हे सगळे मीच जुळवलेले," ते हळूच म्हणाले.

"तुमचा दोष नाही, नाना," आई म्हणाली. "तेच तर म्हणतेय मी. कुणाचाच नाही."

नाना वाईट माणूस नव्हते, पण धाडसाचेही नव्हते. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी विचार केला आणि अर्धाच निर्णय घेतला. मला स्टेजचा क्रमांक दिला, तोही सगळ्यांत शेवटचा. तिसरी यादी मात्र मंडळाच्या टेबलावर ठेवणार नाही म्हणाले. "छापायची तर छापा. प्रिंटरला काय कळतंय? पण टेबलावर दोनच."

आम्ही छापल्या. चांगला गठ्ठा होईल इतक्या.

दुसऱ्या दिवशी मेळाव्याचं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. मेळाव्याची आमची पद्धत अशी, की मुलगा किंवा मुलगी स्टेजवर उभी राहायची आणि आईवडिलांपैकी कुणीतरी माइकवर माहिती सांगायचं. सगळ्यांचा साचा एकच. नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, मग जरा आवाज चढवून "मंगळ नाही", आणि शेवटी अपेक्षा निर्व्यसनी. ज्यांना मंगळ होता त्यांचे वडील तेवढंच वाक्य भरभर म्हणून टाकायचे. आमच्या घरी बाबा गेल्यापासून असलं काही बोलायला काका यायचे. आई इतक्या मेळाव्यांना आली, पण कायम मागं, पंगतीच्या बाजूला, भाजीच्या पातेल्यांपाशी. तिनं पुढं यावं असं कुणी म्हटलं नव्हतं, तीही आली नव्हती.

माझा क्रमांक पुकारला गेला तेव्हा लोक उठायच्या बेतात होते, कारण मागून जेवणाचा वास सुटला होता. मी स्टेजवर चढले. काका पुढच्या रांगेतून उठू लागले. तेवढ्यात पदराला हात पुसत आई मधल्या वाटेनं आली, काकांना हातानंच बसा म्हणाली, आणि पायऱ्या चढून तिनं नानांच्या हातातला माइक घेतला.

"नमस्कार. मी शालन वेल्हाळ. ही माझी मुलगी चारुता. पुण्याला चांगली नोकरी आहे. उंची तुम्हाला दिसतेच आहे. स्वयंपाक बरा करते, भांडते फार छान."

लोक हसले. उठलेले काही पुन्हा बसले.

"आता मंगळाचं. मंगळ मला आहे. कडक."

हसणं बंद झालं. पुढच्या रांगेत आत्या होती. आईनं तिच्याकडं बघितलं, आणि या वेळी मान खाली घातली नाही.

"माझ्या लग्नात तो लपवला होता. माझे यजमान तरुणपणी गेले, आणि माझ्यामुळे गेले असं मी कालपर्यंत धरून चालले होते. काल मी आपल्याच मंडळाच्या कॉम्प्युटरला विचारलं. त्यानं मला दाखवलं की पत्रिका जुळलेल्यांचेही नवरे जातात. तेव्हा आता बास. मुलीच्या पत्रिकेत काय आहे ते मला ठाऊक आहे आणि मी ते सांगणार नाही. त्यावाचून ज्यांचं अडतं त्यांनी दुसऱ्या मुली बघाव्यात, पुष्कळ आहेत, गुणाच्या आहेत. तो रकाना न भरलेल्या मुलामुलींची आणखी एक यादी आहे. ती टेबलावर मिळणार नाही. मागं भाजीच्या पातेल्यापाशी मिळेल. जेवायला येताना घेऊन जा."

तिनं माइक नानांच्या हातात परत दिला. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. उगाच का सांगू? काका भिंतीकडं बघत बसले होते. आई पायऱ्या उतरून आली तशी परत गेली, आणि मी तिच्यामागं.

आता हे वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडणार, की मग तुझं लग्न झालं का. तो रकाना नाही भरायचा मला.

पातेल्यापाशी मी याद्यांचा गठ्ठा घेऊन उभी राहिले आणि आईनं पळी हातात घेतली. मला वाटलं होतं की आमच्या बाजूला कुणी फिरकणार नाही. पहिले काही जण मान वळवूनच पुढं गेले. मग एका मुलाच्या आईनं भाजी घेता घेता दुसरा हात माझ्यापुढं केला, न बोलता. मग एका मुलीनं. मग एका वडिलांनी दोन मागितल्या, एक भावासाठी. गोड संपायच्या आधी गठ्ठा संपला, आणि लोक एकमेकांच्या हातातली यादी वाकून वाचू लागले.

रांगेच्या शेवटाकडं एक वयस्क बाई आल्या. साधी सुती साडी, कपाळ मोकळं. नातवाबरोबर आल्या असाव्यात. मी त्यांना सांगितलं, याद्या संपल्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे यादी नको होती. ताट पुढं केलं, आईनं भाजी वाढली, तरी त्या हलल्या नाहीत.

"मला नव्हता हो मंगळ," त्या आईला म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला जेमतेम ऐकू आलं. "छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते. तरी..."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

"पांढऱ्या पायाची म्हणायचे मला. माहेरचेसुद्धा."

"ठाऊक आहे. तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत. काल मी सगळ्या वाचल्या."

त्या बाईंच्या हातातलं ताट कललं. आईनं ते खालून धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, मध्ये ते ताट. मागं रांग खोळंबली. कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणालं, "अहो, पुढं सरका की बाई, भाजी गार होतेय!"

आईनं त्याच्याकडं मानसुद्धा वळवली नाही. पळी फक्त वर धरली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आम्ही बोलतोय."